कालच सांगायचं होतं

शैलश्रीला बदल सोसत नाही, असं अख्ख्या राजेश्वर गावात सांगत फिरणाऱ्यांच्या तोंडात एकेक ठेवून द्यावीशी वाटते. सोसतो की! शेजारच्या लग्नात दारापुढं डीजे वाजला, तोही तिनं कानात कापूस घालून सोसला. कारण आदल्या दिवशीच ठाऊक होतं.

लहानपणी कलबुर्गीच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, पोरीला ऑटिझम आहे, पुढं काय होणार ते आधी कळलं की ती निभावून नेते. घरात बाकीच्यांनी ते या कानानं ऐकलं अन् त्या कानानं सोडलं. तिच्या अव्वानं, यल्लम्मानं, तेवढं धरून ठेवलं. रोज जेवणं झाली की ती लेकीजवळ बसून उद्याचा दिवस सांगायची. सकाळी लिंगपूजा, मग भाकरी, दुपारी मिरच्या निवडायच्या. शैलश्री विचारायची, "आणखी काय?" अव्वा म्हणायची, "बस, एवढंच." या बोलावर ती सव्वीस वर्षांची बाई निवांत झोपायची.

त्या शनिवारीही अव्वा "बस, एवढंच" म्हणाली. म्हणताना बघितलं मात्र चुलीकडं.

रविवारी भाकरी थापता थापता दारात जीप थांबली. खजुरी गावची माणसं, शैलश्रीला बघायला आलेली. तिचा थोरला भाऊ, मृत्युंजय अण्णा, आत आला, साडी पुढं टाकून म्हणाला, पटकन नेस, विचारतील तेवढंच बोल, बाकी झाकली मूठ सव्वा लाखाची. कामून सांगितलं न्हाई, असं तिनं विचारलं तर म्हणे, आधी सांगितलं असतं तर आठवडाभर प्रश्न विचारून डोकं खाल्लं असतंस. वा रे शहाणा! लग्न तिचं, अन् प्रश्नांचा तरास याला.

शैलश्रीच्या डोक्यात घणघण व्हायला लागली. पिठाचा गोळा तिनं दोन्ही मुठींत दाबून धरला, कितीतरी वेळ. मग अव्वाकडं बघितलं. अव्वा साडीची घडी मोडत होती, मान वर करीना. तेव्हा शैलश्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अण्णाचं तिला नवल नव्हतं. अव्वा खोटं बोलली होती.

साडी न नेसता, पिठाच्या हातांनी ती बाहेर आली. मुलाच्या मावशीनं रीतीप्रमाणं तिला जवळ ओढलं अन् वेणी सोडायला हात घातला. केस खरे का खोटे, बघायचं होतं. शैलश्रीनं तो हात झटकला अन् भिंतीकडं बघून बोलली.

"तुम्ही येणार हे मला काल कुणी सांगितलं न्हाई. मला ऑटिझम हाय, हे तुम्हाला तरी सांगितलंय का?"

सांगितलं कुठलं! बशीतला चुरमुऱ्यांचा सुसला तसाच राहिला. मुलानं, किरणकुमारनं, म्हणजे काय असतं ते विचारलं. ती सांगायला तयार होती, पण त्याच्या माणसांनी त्याला दंडाला धरून उठवलं.

जीप गेल्यावर मृत्युंजयनं घर डोक्यावर घेतलं. चालून आलेलं स्थळ घालवलं, घराण्याची अब्रू चव्हाट्यावर मांडली. अब्रू म्हणे! बहिणीला अन् पाहुण्यांना फसवताना ती कुठं गेली होती? शैलश्री परत चुलीपुढं बसली अन् राहिलेल्या भाकरी एवढ्या जोरानं थापल्या की शेजारीण डोकावून गेली.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर अव्वा नेहमीसारखी जवळ येऊन बसली. तुझं भलं होईल वाटलं म्हणाली, चुकलं म्हणाली. मग अव्वानं उद्याचा दिवस सांगितला. पूजा, भाकरी, मिरच्या. अन् थांबली; लेक आता "आणखी काय?" विचारील म्हणून वाट बघत राहिली.

"खरं का?" शैलश्रीनं विचारलं.

अव्वानं गळ्यातलं इष्टलिंग शपथेसारखं मुठीत धरून व्हय म्हटलं. तेव्हापास्नं ती रोज धरते. अन् शैलश्री रोज विचारते.