चारशे सतरावा हेलो

खगोलशास्त्राचं अख्खं डिपार्टमेंट तिला मोजपट्टी म्हणायचं, कारण दोन वर्षं ती दुसरं काही करतच नव्हती. कॉम्प्युटरमध्ये बनवलेल्या विश्वात डार्क मॅटरचे, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या पदार्थाचे, गोळे तयार होतात, त्यांना हेलो म्हणतात, आणि ही बाई ते मोजायची. आधी गोळ्याचा मध्य काढायचा, मग कांद्यासारखे थर पाडून कुठल्या थरात किती कण आहेत ते बघायचं. मध्यात गच्च, बाहेर विरळ. नेहमी तसंच.

"दिसत नाही ते, बरं खरंही नाही," आई रोज डबा हातात देताना म्हणायची, "मग मोजतेस काय, कपाळ?"

आणि चारशे सतरावा हेलो निघाला मध्यात रिकामा! तिने तीनदा मोजला. तिन्ही वेळा मधे भोकच. तिचे गाईड सर तर हवेतच गेले. "अगं, पोकळ हेलो! आजवर कुणाला सापडलाय? परिषदेची आज पाचपर्यंत मुदत आहे, पाठवून टाकू पेपर. पहिलं नाव तुझं!"

पहिलं नाव! तिला उड्या माराव्याशा वाटत होत्या, तरी ती परत बेरजा तपासत बसली. चुकलं असेल तर? पण कुठे? बेरजा तर बरोबर होत्या. साडेतीनला काहीच सुचेना, तेव्हा दोन वर्षांत कधी केलं नव्हतं ते तिने केलं. आलेख बंद केला आणि कणांचे नुसते ठिपके स्क्रीनवर मांडले.

गोळे दोन होते! एकमेकांत घुसायच्या बेतात. प्रोग्रॅम सगळ्या कणांची सरासरी काढून मध्य ठरवायचा, आणि तो मध्य पडला होता दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत. बाकाच्या दोन टोकांना दोघं रुसून बसलीत आणि तुम्ही मधोमध बघताय, तर तिथे कोण असणार?

डाव्या गोळ्यात मध्य धरला तर बाहेरचे थर वेडेवाकडे. उजव्यात धरला तरी तेच. डोकंच चालेना.

"सर, हा पोकळ नाहीये. हे दोघं आहेत."

सरांनी वाकून ठिपके नीट पाहिले. "मग यांचा खरा मध्य कुठला?"

"माहीत नाही, सर."

"माहीत नाही कसं? दोन वर्षं हेच करतेस ना?"

"हो ना! म्हणूनच तर रडू येतंय."

सर हसले, आणि हसता हसता थांबले. "आधीचे चारशे सोळा? त्यांचे मध्यही असेच काढलेस?"

प्रोग्रॅम तर तोच होता. पाच वाजून गेले, पेपर गेला नाही. सर चहाला गेले आणि तिने एक नंबरचा हेलो उघडला. एकच गोळा वाटत होता. की कडेला अजून एक होता, छोटासा? ती खुर्ची पुढे ओढून बघत बसली, आणि खरं सांगते, तिला काही म्हणजे काही कळत नव्हतं.