रेखाचा अर्ज

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच.

मी सिडकोत ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या एका दुकानात काम करते. रेखा माझी मैत्रीण. देवगाव रंगारीला आम्ही एकाच वर्गात होतो. लग्नानंतर दोघीही शहरात आलो, एकाच गल्लीत. अभ्यासात ती माझ्या पुढं होती – हे मला कधीच विसरता आलं नाही.

त्या वर्षी बेरोजगारांसाठी सरकारी योजना आली. सहा महिने सरकारी कार्यालयात काम शिकायचं, दरमहा मानधन. वयाची अट पस्तीस. रेखाचं पस्तिसावं सरत आलं होतं. बारावीची गुणपत्रिका, टायपिंगचं सर्टिफिकेट – सगळं पिशवीत घालून ती दुकानात आली. जवळच्या कार्यालयात एकच जागा होती. तिथंच मी आदल्या दिवशी अर्ज केला होता. तिला सांगितलं का? नाही.

तिच्यासमोर मी सगळी माहिती भरली, फोटो चढवला. अर्ज पाठवायचं शेवटचं बटण तेवढं राहिलं – तेवढ्यात गिऱ्हाइकं आली, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. गिऱ्हाईक नव्हतं. दुकानात आम्ही दोघीच होतो.

"झाला का गं?"

"व्हय, झाला. फोन येईल आता."

तिनं पावती मागितली, तर मी प्रिंटर बिघडलाय म्हणाले. ती गेल्यावरही अर्ज समोर उघडाच होता. एक बटण. मी तो बंद केला.

माझी निवड झाली. रेखा पेढे घेऊन आली. "आपल्यातली एक तरी लागली, लई बरं झालं. पोरीचं टेन्शन नको घेऊ, माझ्याकडं सोड." सहा महिने तिनं माझ्या मुलीला शाळेतून आणलं, जेवू घातलं, पाढे शिकवले. अनोळखी नंबर दिसला की मावशी पिठाचे हात पुसून फोन घेते, हे मुलीनंच मला सांगितलं. मी काय केलं? निवडीची दुसरी यादी निघेल, असं तिला म्हणत राहिले.

सहा महिने संपले, मला काही कायम केलं नाही. मी परत दुकानात. तोवर रेखाचं वय उलटलं होतं. आता ती वाळूजला कंपनीत पॅकिंगला जाते, पूर्ण शिफ्ट उभ्यानं. एकदाच तिनं विचारलं, "दुसरी यादी निघालीच नाय ना गं?"

"नाही."

मला गरज होती? होती. तिलाही होती, आणि ते मला ठाऊक होतं.

मुलगी अजूनही संध्याकाळी पाढे म्हणायला तिच्याकडं जाते; काल तिला आणायला गेले. रेखा नुकतीच शिफ्टवरून आलेली, पाय गरम पाण्यात सोडून बसली होती. मला बघून उठली, ओल्या पायांनी आत गेली, चहा टाकला.

मी तो प्यायले.