साय काढलेल्या दुधाचा परदेशी डबा

वीसेक वर्षांपूर्वी किन्हीराजा या आमच्या गावात माझ्या गोठ्यात दोन दुभत्या म्हशी होत्या आणि डोक्यात एक पत्र्याचा डबा.

शेजारच्या भाभीचा मुलगा आखातात कामाला होता. सुट्टीवर आला तेव्हा त्याने तो डबा आम्हाला भेट दिला. आत साय काढलेल्या दुधाची भुकटी, बाहेर हिरवं कुरण आणि अशी चकचकीत गाय, की तिने जन्मात शेण टाकलं नसेल. मी तो डबा येणाऱ्याच्या नजरेत भरेल असा कोनाड्यात मांडला.

साय काढलेलं दूध आमच्याकडे वासराला नाहीतर मांजराला. माणसाला दिलं तर तो घरी जाऊन आपली निंदा करतो, आणि बरोबर करतो. पण तेच दूध वाळवून जहाजात घातलं, वर इंग्रजी लिहिलं, की खाऊनपिऊन सुटलेले लोक ते औषधासारखं पितात. ही अक्कल मला आज आहे. तेव्हा चाळिशी उलटली होती तरी तिचा पत्ता नव्हता.

लेकीला पाहायला मेडशीचे पाहुणे यायचे होते. आधी दोन ठिकाणांहून नकार आलेला. हा मुलगा मात्र तिच्याच एसटीने कॉलेजला जायचा, आणि तिला तो पसंत होता. बोलली नव्हती, पण सकाळपासून तिसऱ्यांदा वेणी घालत होती. अशा दिवशी कोणतीही शहाणी बाई म्हशीच्या दुधाचा दाट चहा करते. मी डबा उघडला. लेक नको नको म्हणत होती. तुला जगातलं काय कळतं, असं म्हणून मी तिला गप्प केलं. जग मला कळत होतं ना.

चहा झाला निळसर, पातळ. आमच्या भागात असा चहा पाहुण्याला दिला तर त्याचा अर्थ एकच, पुन्हा येऊ नका. मुलाच्या आईने बशीत ओतून पाहिला.

"काहून बाई, म्हशी भाकड झाल्या काय?"

मी मोठ्या तोऱ्यात डबा आणून दाखवला. फॉरेनचं दूध आहे म्हटलं. मुलाच्या वडिलांचा जन्म दुधाच्या शीतकरण केंद्रात गेलेला. त्यांनी चष्मा लावला, डबा फिरवला आणि तळाची बारीक अक्षरं वाचून दाखवली. भरला तिकडे, दूध भारतातलं. मग त्यांनी समजावून सांगितलं, की गावोगावच्या कॅन डेअरीत जातात, लोणी इथेच राहतं आणि उरलेल्याची भुकटी पोत्यांनी परदेशी जाते. तिकडे भाव पडला की इकडे केंद्रावर आपलं दूध एकाएकी वाईट ठरतं.

"तुमच्याच म्हशीचं असन, वहिनी," ते म्हणाले. "लोणी ठेवून घेतलं, अन् धुवण तुमच्या घरी वापस पाठवलं."

माझे मालक आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत बसले. तिसरा नकार आला असं मी समजले. मला माझी लाज वाटायला हवी होती, पण राग आला तो त्या माणसाला वाचता येतं याचा. इतकी मी थोर.

पाहायला आलेल्यांपुढे मुलीने मान खाली घालून बसायचं असतं. लेक उठली, सगळ्यांच्या हातातले कप न विचारता काढून घेतले आणि आत गेली. थोड्या वेळाने आल्याचा वास आला. नवा चहा घेऊन तिने पहिला कप मुलाच्या आईपुढे ठेवला.

"आईले डबे आवडतात. मले नाही. हा प्या."

त्या बाईने फुंकर घालत चहा संपवला, वर आणखी अर्धा कप मागून घेतला.

"पोरगी आमाले द्या," ती मला म्हणाली. "डबा तुमीच ठेवा."

मी मान डोलावली. माझं मत विचारावं इतकी माझी पत माझ्याच घरात उरली नव्हती. लग्नाची तारीख लेकीने आणि तिच्या होणाऱ्या सासूनेच ठरवली.