मागच्या हॉलमधली प्रार्थना

माळव्यात पीथमपूरच्या एका औषधांच्या कारखान्यात मी पॅकिंगची सुपरवायझर होते. माझ्या हाताखाली सगळ्या बायकाच. कुणी धारच्या आसपासच्या खेड्यांतल्या, कुणी बदनावरकडून येऊन खोली करून राहिलेल्या. मी धारहून शिफ्टच्या बसने जायची. नवरा धारलाच शाळेत शिकवायचा. माहेर देवासचं. वडील तरुणपणी नगरकडून देवासच्या कारखान्यात नोकरीला आले आणि तिथलेच झाले. आम्ही ख्रिस्ती. रविवारी चर्चमध्ये हिंदीत उपासना, घरी संध्याकाळी मराठीत प्रार्थना. लहानपणी मला वाटायचं, देवाला दोन्ही भाषा येतात, पण मराठीत तो जरा जवळ सरकून बसतो.

कारखान्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. दसऱ्याला मशीनची पूजा व्हायची, तेव्हा मी मागे उभी राहायची आणि नंतर मिठाई वाटायला लागायची. एवढ्यावर भागत होतं.

मग ऑर्डर वाढली आणि आमचं पॅकिंग मागच्या बंद हॉलमध्ये हलवलं. नवा रंग, पांढरे दिवे, दाराला प्लास्टिकच्या जाड पट्ट्यांचा पडदा. तिथे कधी अपघात झाला होता का, कुणी गेलं होतं का, हे मी नंतर मुद्दाम जुन्या लोकांना विचारलं. कुणी गेलेलं नव्हतं. पूर्वी तिथे रिकामी पिंपं ठेवत. बस.

ती दुपार मला चांगली आठवते. जेवणं होऊन बायका नुकत्या जागेवर बसल्या होत्या. फॉइलचा रोल संपला म्हणून मशीन थांबलं. मशीनचा आवाज थांबला की कानात जी पोकळी होते, तशी झाली. तेवढ्यात खिडकीकडच्या एका मुलीने मान वळवून मागे पाहिलं आणि म्हणाली, "हओ?"

मराठीत हाकेला 'ओ' देतात, तसं माळव्यात 'हओ'. तिच्यामागे भिंत होती. ती तशीच उठली, भिंतीकडे गेली आणि खाली कोसळली.

पाणी मारल्यावर शुद्धीवर आली. म्हणाली, थोरल्या बहिणीने हाक मारली. घरातलं नाव घेऊन. ती बहीण बाळंतपणात गेलेली होती.

आता बाकीच्या हसतील असं मला वाटलं. कुणी हसलं नाही. त्यांच्यातली सगळ्यात वयस्कर बाई होती, तिला सगळ्या 'बई' म्हणत. तिने हातातली गोळ्यांची पट्टी खाली ठेवली आणि मला म्हणाली, "मैडम, मशीन बंद पड़े तो कोई बुलावे, तो बोलजो मती."

बोलू नका. म्हणजे तिला ठाऊक होतं. मग एकेक करून सगळ्याच बोलल्या. पहिल्या दिवसापासून प्रत्येकीला हाक येत होती आणि प्रत्येकीला वाटत होतं, ती आपल्या एकटीलाच येते.

त्यानंतर मशीन थांबलं की बायका स्टीलचे ट्रे टेबलावर वाजवायच्या. रोल बदलून होईपर्यंत नुसता खणखणाट. भर दुपारी, लख्ख उजेडात, डोक्यावर पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका एकमेकींकडे न बघता ट्रे वाजवताहेत, हे चित्र बाहेरून येणाऱ्याला वेडेपणाचं वाटलं असतं. मीही आधी दोनदा त्यांच्यावर ओरडले. मग मला हाक आली.

माझी आई देवासला लांबलेल्या आजारात गेली. तिने मला ठेवलेलं एक नाव होतं, ते तिच्याखेरीज कुणी घेतलं नाही, वडिलांनीसुद्धा नाही. ते नाव मी इथे लिहीत नाही. डाव्या खांद्यामागून ते आलं. आवाज दुःखाचा नव्हता, भीतीदायकही नव्हता. ताट वाढून झालंय आणि मी अजून येत नाही, तसा जरा वैतागलेला. दारावरच्या प्लास्टिकच्या पट्ट्या आतल्या बाजूला हलल्या. त्यांच्यापलीकडचं दार बंद होतं.

मी ट्रे उचलला आणि बाकीच्यांबरोबर वाजवायला लागले.

आठवडाभरात बायका दांड्या मारू लागल्या. कारखान्याचे मॅनेजर सतवासकडचे. सगळे त्यांना सर म्हणत. वाईट माणूस नव्हते. त्यांनी हॉलमध्ये पूजा करवली, स्वतः उपास धरून बसले. गुरुजींनी मनापासून सगळं केलं. दुसऱ्या दिवशी रोल संपला आणि हाक आली.

तेव्हा सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मैडम, तुम्हारे यहाँ तो प्रार्थना से ये सब निकालते हैं ना? मैंने वीडियो देखे हैं."

मी त्यांच्याशी हिंदीतच बोलायची, पण माझं बोलणं मला मराठीतच आठवतं. म्हटलं, "सर, मला तसलं काही येत नाही."

"आना किसको है! आँख बंद करके खड़ी हो जाओ, ज़ोर से कुछ बोल दो. फिर कह देना कि हो गया, अब साफ है. औरतें तुम्हारी मानती हैं."

"सर, तिथल्या हवेत काही असेल. आत गेलं की डोकं जड होतं. छतातला हवेचा डक्ट एकदा उघडून बघू या."

"डक्ट खोला तो लाइन बंद." त्यांनी आवाज खाली आणला. "देखो, सीनियर की पोस्ट के लिए मैंने तुम्हारा ही नाम भेजा है. और मैं कौन सा पाप करने को बोल रहा हूँ? तुम्हारे ही भगवान का नाम लेना है."

हेच मला सुधरेना. धर्म सोड असं कुणी म्हटलं असतं, तर उत्तर लहानपणापासून पाठ होतं. इथे मला प्रार्थना कर म्हणत होते.

घरी नवरा म्हणाला, "तिथे सगळ्यांसमोर प्रार्थना केलीस आणि उद्या कुणी उठवलं की ही बायकांना बाटवते, तर हेच सर तुला ओळख देतील का?" ते खरं होतं. पण माझी अडचण ती नव्हती. मी देवासला वडिलांना फोन लावला. त्यांनी 'करून टाक' म्हणावं, अशी मनातून इच्छा होती.

"बाबा, बायकांची भीती जाणार असेल तर त्यात वाईट काय?"

ते म्हणाले, "तू देवाशी बोलणार आहेस की बायकांशी?"

"बायकांशीच म्हणा."

"मग डोळे कशाला मिटतेस?"

आईच्या हाकेचं मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते पहिल्या बसने पीथमपूरला आले असते आणि त्या हॉलमध्ये जाऊन बसले असते. मला त्याची धास्ती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या शिफ्टला सरांनी सगळ्यांना हॉलबाहेर उभं केलं आणि मॅडम आता प्रार्थना करतील, असं सांगून टाकलं. बायकांनी डोक्यावरचे पदर सारखे केले. काहींनी हात जोडले. त्या माझ्यावर विश्वास ठेवायला तयार होऊन आल्या होत्या.

मी म्हटलं, "मला इथून काही घालवता येत नाही. मलाही हाक येते. मलाही भीती वाटते. तुमच्यापैकी कुणाला वाटलं, तर मी तिच्यासाठी प्रार्थना करीन, पण ती इथे बाहेर, आणि तुम्हाला आत पाठवण्यासाठी नाही. हा हॉल चांगला आहे असं मी देवाचं नाव घेऊन सांगणार नाही. मला ते माहीत नाही."

बई भिंतीला टेकून खाली बसली. मग दुसरी बसली. मग सगळ्याच.

सरांचा चेहरा लाल झाला. "कुछ नहीं है अंदर!" असं म्हणून ते एकटेच पट्ट्या बाजूला सारून आत गेले. आम्ही दाराशेजारच्या काचेतून बघत होतो. मशीन बंद होतं. ते मधोमध उभे राहिले, हात मागे बांधून, वर्गात मास्तर उभा राहावा तसे. बघा, असं आम्हाला खुणेने म्हणाले.

मग त्यांनी डावीकडे मान वळवली.

कुणी ओळखीचं रस्त्यात दिसल्यावर चेहरा उजळतो, तसा त्यांचा उजळला. ओठ हलले. बईने माझं मनगट घट्ट धरलं. "बोल्यो," ती म्हणाली. सरांनी ओ दिली होती.

सर चालत पलीकडच्या भिंतीपाशी गेले आणि त्यांनी तिच्यावर तळहात ठेवला, खांद्यापेक्षा जरा वर, आपल्याहून उंच माणसाच्या खांद्यावर ठेवतात तसा. किती वेळ तसेच उभे होते, सांगता येत नाही. बाहेर आले तेव्हा चष्मा हातात होता. आमच्यातल्या कुणाकडेही न बघता म्हणाले, "ताला लगाओ."

डक्ट उघडला. शेजारच्या विभागातल्या रसायनांची वाफ फटीतून या हॉलमध्ये येत होती. तपासायला आलेला इंजिनिअर म्हणाला, अशा हवेत माणसाला गरगरतं, भास होतात. मी मान डोलावली. वाफ प्रत्येकीचं घरातलं नाव कुठून शिकली, हे मी त्याला विचारलं नाही.

पोस्ट मला मिळाली नाही. सरांना मी सगळ्यांदेखत तोंडघशी पाडलं, असं वर कळलं होतं. आधी मला गेटजवळच्या स्टोअरला टाकलं आणि मग माझा करार पुढे वाढवला नाही.

शेवटच्या दिवशी लॉकरची किल्ली द्यायला गेले, तर मागचा हॉल उघडा होता. नवे पंखे लागले होते, आत कुणी नव्हतं. मी पट्ट्यांच्या अलीकडे उभी राहिले. आतून तेच नाव ऐकू आलं. खरं सांगायचं तर सरांच्या केबिनमध्ये 'नाही' म्हणणं मला जेवढं जड गेलं, त्याच्या दसपट इथे गेलं. मला आत जायचं होतं. एकदाच ओ द्यायची होती. मेलेल्यांना बोलवायचं नाही, त्यांच्या हाकेमागे जायचं नाही, हे आमच्या घरी आम्हाला लहानपणीच सांगितलेलं. पण त्या वेळी मला ते आठवलं नाही. आठवलं एवढंच, की त्या हवेने मुलगी कोसळली होती. ती खरंच आई असती, तर तिने मला आत बोलावलं नसतं, हाताला धरून बाहेर काढलं असतं. मी वळले आणि चालायला लागले. मान आखडून गेली होती, पण बस येईपर्यंत मागे पाहिलं नाही.

आता मी देवासला एका दवाखान्याचं औषधांचं स्टोअर सांभाळते. वडील थकलेत, त्यांच्याजवळ राहते. नवरा शनिवारी धारहून येतो.

मध्यंतरी एका दुपारी सरांचा फोन आला. नंबर नवा होता, पण आवाज ओळखला.

"मैडम, आप लोग मरे हुए के लिए क्या बोलते हो?"

"मेलेल्यांसाठी नाही, सर. मागे राहिलेल्यांसाठी."

ते म्हणाले, "मेरे बड़े भाई थे. हम छोटे थे तब कुएँ में..." मग म्हणाले, "उस दिन मैंने जवाब दे दिया था."

"मी पाहिलं होतं."

"तब से रोज़ बुलाते हैं. अब यहाँ, घर पे. यहाँ तो कोई डक्ट नहीं है." त्यांच्या मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. "आज कोई आपको बोलने को नहीं कह रहा. मैं खुद कह रहा हूँ. कर दोगी?"

मी खोक्यांच्या मागे जाऊन उभी राहिले, डोळे मिटले आणि मराठीत प्रार्थना केली. फार मोठी नाही. या माणसाला झोप दे, याला एकटं सोडू नको, एवढंच. मी बोलत असताना ते श्वास रोखून ऐकत होते. त्यांच्या बाजूला आणखी कुणी ऐकत असल्यासारखं मला दोनदा वाटलं, पण मी थांबले नाही.

"हो गया?" त्यांनी विचारलं.

"प्रार्थना झाली, सर. ते गेलं की नाही, मला माहीत नाही."

ते म्हणाले, "ठीक है. कल फिर फोन करूँ?"

"करा," मी म्हटलं.