टिकटिकमामांचे आठ

जग बुडालं तेव्हा टिकटिकमामा कुणाच्या तरी घड्याळाचा पट्टा बदलत होते. तसंही त्यांना दुसरं काम उरलंच कुठे होतं? घड्याळदुरुस्तीचं दुकान, डोळ्याला भिंग, हातात चिमटा, आणि गिऱ्हाईक म्हणायचं, "मामा, वेळ काय, मोबाईलवर दिसते. हे आपलं शोभेला." मामा मुकाट्याने पट्टा लावून द्यायचे.

मग वीज गेली ती गेलीच. सरकार कुठे पळालं कुणाला कळलं नाही. आधी तरी ते कुठे होतं म्हणा! मोबाईल मेले, दुसऱ्या वर्षी घड्याळांचे सेलही संपले. आणि एके दिवशी लोकांच्या ध्यानात आलं, की ही गल्ली आणि समोरची गल्ली मिळून चालू घड्याळ एकच राहिलंय, मामांच्या भिंतीवरचं, लंबकाचं, चावी द्यायचं. झालं! ज्यांनी मामांना कधी हिंग लावून विचारलं नव्हतं, ते वाट वाकडी करून नमस्कार घालू लागले.

घड्याळ हवं होतं हातपंपासाठी. दोन गल्ल्यांच्या मध्ये एकच पंप, आणि तो उजाडल्यापासून दहापर्यंत पाणी द्यायचा. पुढे नुसती हवा. पहिल्या उन्हाळ्यात त्यावरून मारामारी झाली. मामांचा धाकटा भाऊ एका बादलीपायी डोक्यात पहार बसून गेला. त्यानंतर सगळ्यांना शहाणपण सुचलं: आठपर्यंत मामांची गल्ली, आठनंतर समोरची. आठ वाजले की मामांनी दुकानाबाहेर टांगलेल्या लोखंडी पट्टीवर हातोडी मारायची. यावर देखरेखीला अर्थातच समिती नेमली गेली. जग बुडालं म्हणून समित्या थोड्याच बुडतात? अध्यक्ष झाले ते गृहस्थ पूर्वीही कसले ना कसले अध्यक्षच होते. दुसरं काही त्यांना येतच नव्हतं.

तिसऱ्या वर्षी एका दुपारी भिंतीवर 'टण्ण' झालं. स्प्रिंग तुटली. नवी मिळायचं नाव नको. हे बाहेर कळलं, तर उद्यापासून आठ कुणाचे, आणि परवा पहार कुणाच्या डोक्यात? त्यांनी मामींपाशीसुद्धा ब्र काढला नाही. काटे हाताने सरकवायचे आणि अंदाजाने पट्टी वाजवायची, असं सुरू झालं. पण मनाचं काय करणार? जरा उशीर झाला तर फायदा आपल्याच गल्लीचा, म्हणजे आपण चोर! म्हणून मामा थोडं आधीच वाजवायचे.

"अहो, हल्ली आपले आठ फार लवकर वाजतात," अर्धी घागर आपटत मामी म्हणाल्या.

"घड्याळापुढे कुणाचं चालतं?" मामा म्हणाले, आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

सहा महिन्यांत अख्खी गल्ली कुरकुरू लागली. अध्यक्षांनी ठराव केला: घड्याळाची तपासणी, गुरुवारी दुपारी चारला. परीक्षक म्हणून समोरच्या गल्लीतल्या शाळेच्या बाई. दोन्हीकडच्या लोकांनी त्यांच्या छड्या खाल्ल्या होत्या, त्यामुळे कुणाची हरकत नव्हती.

त्या दिवशी मामांनी काटे चारवर आणले, मंडळी दारात येताच लंबकाला बोटाने झोका दिला आणि बाजूला उभे राहिले. झोका पाच मिनिटं टिकतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. अध्यक्षांचं भाषण किती टिकतं, हे मात्र ते साफ विसरले होते.

अध्यक्ष घड्याळाकडे पाठ करून, ते सगळंच्या सगळं अंगाने झाकून, 'काळ आणि आपण' या विषयावर चांगला अर्धा तास बोलत राहिले. मामांना त्यांच्या काखेखालून लंबक दिसत होता. मंदावला. थांबला. मामांना भाऊ आठवला, पंपापाशी चिखलात पडलेला, मुठीत बादलीची कडी.

बाई पुढे झाल्या. "सरका," म्हणून त्यांनी अध्यक्षांना बाजूला केलं, घड्याळाची काच उघडली आणि कान लावला. लोकांकडे पाठ करून त्यांनी मोठा काटा सहावर नेला, लंबकाला हलकेच झोका दिला आणि त्या वळल्या.

"चोख आहे," बाई म्हणाल्या. मंडळी सह्या ठोकून पांगली.

बाई तेवढ्या मागे राहिल्या. "कधीपासून बंद आहे? सहा महिने?"

मामांनी खणातून तुटकी स्प्रिंग काढून त्यांच्यापुढे ठेवली.

"आमच्या दारात काठी रोवलीय मी. सावलीवरून मला कळतं. रोज दहा मिनिटं आधी वाजवता तुम्ही. पाणी आम्हालाच जास्त."

"मग बोलला का नाहीत, बाई?"

"काठीवर कोण विश्वास ठेवणार? तिला ना समिती, ना सह्या." दाराशी जाऊन त्या वळल्या. "आणि ती पहार माझ्या जावयाच्या हातात होती, मामा."

"ठाऊक आहे मला," मामा म्हणाले.

बाईंनी डोळे पुसले. "उद्यापासून मी दारात उभी राहीन. मान हलवली की वाजवा. मामींची घागर भरू दे आधी."

दुसऱ्या दिवशी मामींची घागर काठोकाठ भरली. समोरच्या दारात बाई उभ्या होत्या आणि त्यांच्या शेजारी रिकामी बादली घेऊन, मान खाली घालून, जावई. बाईंनी मान हलवली. मामांनी हातोडी उचलली. त्या माणसाकडे एकदा नीट बघितलं आणि आठ वाजवले.