पाकळ्यांच्या पुडीवरची ओळ

आमच्या लग्नांत तांदळाच्या अक्षता टाकत नाहीत, फुलांच्या पाकळ्या टाकतात. अन्न पायाखाली जाऊ नये हे बाबा आयुष्यभर सांगत आले. पण पाकळ्यांचं ताट मागच्या रांगांपर्यंत पोचत नाही, निम्म्या वाटेतच सांडतात. म्हणून ताईच्या लग्नासाठी मी कागदाच्या पुड्या करायचं ठरवलं. शेंगदाणेवाल्याकडे असतात तशा निमुळत्या, पण नीट कापलेल्या, डिंकानं चिकटवलेल्या, आणि प्रत्येकीवर एक छापलेली ओळ.

छापायला माझ्याकडे हातात धरायचा प्रिंटर होता. साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा. मोबाइलवरून मजकूर पाठवायचा, यंत्र कागदावर टेकवायचं, बटण दाबून डावीकडून उजवीकडे ओढायचं. बोटभर उंचीची ओळ उमटते. फार जोरात ओढलं तर अक्षरं तुटतात, हात वाकडा गेला तर ओळही वाकडी जाते, म्हणून मी लाकडी पट्टीच्या कडेनं ओढायची. त्याआधी मी त्याच्यावर पुस्तकात घालायच्या खुणा, पाकिटं, छोटे डबे असलं काय काय केलं होतं. बाबांना ते खेळणं वाटायचं. "यानं बाजार जागा होते का?" असं एकदा म्हणाले होते.

बाबांची उमर पत्रकांत गेली. स्वतः लिहायचे, यवतमाळहून छापून आणायचे आणि दारव्ह्याच्या आठवडी बाजारात उभं राहून वाटायचे. दारूवर, शिष्यवृत्तीवर, हुंड्यावर. ताई आणि मी पत्रकांच्या घड्या घालता घालता वाचायला शिकलो. घरात एक नियम कडक होता: पत्रक जमिनीवर पडलेलं दिसलं की उचलायचं. बाजार उठला की आम्ही दोघी लोकांनी तुडवलेली पत्रकं गोळा करत फिरायचो, आणि वर्गातल्या पोरींनी ओळखू नये म्हणून मी मान खाली घालायची. मोठी झाल्यावर त्या मान खाली घालण्याची मला चीड येऊ लागली. मी स्वतः लिहायला लागले, भांडायला लागले, नात्यातल्या एका लग्नात देण्याघेण्याची बोलणी कानावर आली म्हणून जेवणावरून उठून गेले. घरातले मला तेव्हापासून जरा घाबरूनच असत.

हुंड्यावरच्या एका जुन्या पत्रकाच्या शेवटी बाबांनी लिहिलं होतं: 'या मांडवात देवाणघेवाण फक्त फुलांची.' पुडीवर छापायला दुसरी ओळ शोधायची गरजच नव्हती. मी निळी शाई घेतली आणि कोणाला न सांगता कामाला लागले. बाबांना एकदम दाखवायचं होतं.

लग्नाच्या आदल्या दुपारी पुड्या खाटेवर रांगेनं मांडल्या. ताई बाजूला बसून झेंडू सोलत होती. पुसदहून आलेली मामी तिला मदत करत होती. मामीनं एक पुडी उचलली.

"काय लिवलं व हे?" तिनं ओळ मोठ्यानं वाचली आणि हसली. "फक्त फुलांची? मंग थे गाडी काय झाडाले लागली?"

"कोणती गाडी?"

मामीचं हसू तोंडावरच राहिलं. तिनं ताईकडे पाहिलं. "माय व. इले सांगतलंच नाई का तुमी?"

ताईनं हातातलं फूल खाली ठेवलं नाही. सोलत सोलतच तिनं सांगितलं. नवरदेवासाठी मोटरसायकल घेतली आहे. उद्या मांडवात येईल. मामाला माहीत होतं, आईला माहीत होतं, शेजारच्या घरातही माहीत होतं.

"मलेच काहून नाई सांगतलं?"

"तू बोंबलली असती."

"त्यायनं मागतली?"

"मागतली नाई," ताई म्हणाली. "पोराले ड्युटी दूर पडते म्हणे. दोन-तीनदा म्हणले."

"म्हणजे मागतलीच न. बाबायनं होकार देला?"

तिनं पुढचं फूल सोलायला घेतलं. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, गाडी परत पाठवा. नाहीतर मी उद्या या पुड्या अशाच वाटीन, एकेकाच्या हातात देईन, नवरदेवाच्या बापाला पहिली देईन.

"वाट," ताई म्हणाली. "तू वाटशील अन् इथंच राहशील. मले त्या घरी जा लागते. सासू विचारीन, हा टोमणा कोनं छापला? काय सांगू तिले?"

"तूच तं घड्या घालत होती त्या पत्रकाच्या. माह्यासंगं बसून."

"घालत होती न." आता तिनं फूल ठेवलं. "म्हणूनच मले आठ दिवसापासून जेवण जाऊन नाई राह्यलं. तुले काय वाटते, लाज फक्त तुलेच येते?"

पत्रकात असतात ती सगळी उत्तरं मला पाठ होती, पण ती ताईला उद्देशून लिहिलेली नव्हती.

तेवढ्यात बाबा आत आले. स्टेजवर अंथरायचं पांढरं कापड त्यांच्या खांद्यावर होतं. खाटेवरची रांग पाहून थांबले, एक पुडी उचलली, खिशातून चष्मा काढला. छापखान्यातलं कच्चं पान तपासताना करायचे तसं त्यांनी अक्षरांखालून बोट फिरवलं. फार वेळ लागला नाही, ओळ लहानच होती. मामी उगाच पाकळ्या चाळत बसली.

त्यांनी रागवावं असं मला वाटत होतं. निदान म्हणावं, तुला काय कळतं, पोरीचा बाप होऊन बघ. मग मला भांडता आलं असतं.

"अक्षर चांगलं उठलं," बाबा म्हणाले.

पुडी त्यांनी होती तिथं, रांगेत, सरळ करून ठेवली आणि मांडवाकडे निघून गेले. जाताना पांढऱ्या कापडाचं टोक जमिनीवर घासत होतं, ते त्यांच्या लक्षात आलं नाही. मीही सांगितलं नाही. त्यांना हाक मारायची माझी हिंमत झाली नाही.

कोऱ्या पुड्या करायला कागद उरला नव्हता. ताईनं एक पुडी घेतली, डिंकाची कड नखानं उकलली, आणि कागद उलटा वळवून पुन्हा चिकटवला. ओळ आत गेली. बाहेरून कोरी, साधी पुडी. तिनं दुसरी माझ्यासमोर धरली.

"वळ," ती म्हणाली.

मी ती वळली. सगळ्या वळल्या. मांडवात उभं राहून दोन शब्द बोलायची तयारी असलेली मी, ती ओळ माझ्याच हातानं आत दडवत बसले, आणि कडा नीट जुळतायत का तेही बघत होते.

दुसऱ्या दिवशी त्रिसरण-पंचशील झालं, प्रतिज्ञा झाल्या, पाकळ्या उधळल्या गेल्या. मांडवाच्या तोंडाशी मोटरसायकल उभी होती, हँडलला रिबीन बांधलेली. फुलं ताजी राहावीत म्हणून आईनं पाकळ्यांवर पाणी शिंपडलं होतं, आणि ही शाई पाण्याला टिकत नाही. पुड्यांच्या आतून ती सुटली. लोकांच्या बोटांना निळं लागलं, पाकळ्यांना लागलं. ताईच्या पांढऱ्या साडीवर खांद्याजवळ निळे ठिपके पडले.

सासूनं ते पाहिलं. "हे कायचे डाग व?"

"फुलाचे," ताई म्हणाली.

मी तिच्या मागेच उभी होते. तिनं वळून पाहिलं नाही.

ते सगळे गेले. गाडी टेम्पोत चढवून नेली. मांडवात खुर्च्या उलटसुलट पडल्या होत्या आणि जमिनीवर पुड्या. पायाखाली येऊन बऱ्याचशा उकलल्या होत्या, ओळ वर आली होती. पसरलेली, पण वाचता येत होती. मी वाकले आणि उचलायला लागले. थोड्या वेळानं लक्षात आलं, मांडवाच्या दुसऱ्या बाजूनं बाबाही उचलत होते. एकेक कागद मांडीवर ठेवून तळहातानं सपाट करत होते, त्यावर पुढचा ठेवत होते. त्यांचा तळहात निळा झाला होता.

मधे कुठंतरी आम्ही एकमेकांसमोर आलो. त्यांनी त्यांचा गठ्ठा माझ्या गठ्ठ्यावर ठेवला. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. बाजारात घालायची तशी मान खाली घातली होती मी, आणि या वेळी समोर वर्गातली कोणी पोरगी नव्हती.