एकाच अ‍ॅम्प्लिफायरवर दोघं
इस्त्रीखाली कापड करपल्याचा वास आला, की मला मनीषनगरातलं आमच्या सरावाचं ते मे महिन्यातलं गॅरेज आठवतं. दुसऱ्या दिवशी विहारात भीमगीतांचा कार्यक्रम होता आणि आम्हा दोघांत अ‍ॅम्प्लिफायर एकच. त्यालाच माझी बेस गिटार आणि मित्राचा सिंथेसायझर जोडलेला, आवाजाची बटणं मात्र वेगळी. कूलर खडखडत होता, शर्ट पाठीला चिकटला होता, आणि छोट्या स्पीकरमधून दोघांची मिळून नुसती घरघर येत होती. हा मुद्दाम माझा आवाज दाबतोय, असं माझ्या डोक्यात बसलं. प्रत्येक गाण्यानंतर मी माझं बटण थोडं पुढे सरकवत गेलो. “काहून वाढवून राहिला गा? स्पीकर फाटन,” तो म्हणाला. “तूच आपला कमी कर ना बे!” मी खेकसलो. त्यानं पुढचं गाणं सुरू केलं. त्याच गाण्यात स्पीकर फर्रकन फाटला, करपट वास सुटला आणि मागे नुसता कूलर खडखडत राहिला. मी वाकून पाहिलं, तर माझं बटण शेवटाला टेकलेलं आणि त्याचं दोनवर. तो केव्हापासूनच कमी करत आला होता. आता तो पुण्यात असतो. फोनवर तो गप्प झाला, की माझा आवाज अजूनही आपोआप चढतो.